पाचास एक

तिसऱ्या दिवशीही होडी चिकटच होती.

धाकट्यानं आधी एक बोट टेकवून पाहिलं, मग अख्खा तळवा. तळवा उचलताना चुक् असा आवाज झाला आणि हाताच्या सगळ्या रेषा होडीच्या बुडावर उमटून राहिल्या. रविवारची सकाळ, बेकरीला सुट्टी, शेडचं दार सताड उघडं, ऊन थेट होडीच्या पाठीवर. वाळायला जे जे लागतं ते सगळं हजर होतं. वाळणं तेवढं नव्हतं.

लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली बारा फुटांची होडी, तीन महिने खपून केलेली. प्लायवुडच्या फळ्या कापून, कडांना भोकं पाडून, तांब्याच्या तारेनं एकमेकींना शिवलेल्या. मग सांधे आतून भरले, ते घट्ट झाल्यावर तारा उपटल्या. गुरुवारी दुपारी धाकट्यानं बाहेरच्या शिवणी भरल्या, तारांची भोकं बुजवली आणि वरून काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड पसरून त्यात रेझिन, एक राळेसारखा चिकट द्रव, जिरवलं. कापड बघता बघता आरपार दिसायला लागलं, खालच्या लाकडाला मधाचा रंग चढला, आणि शेडमध्ये दुसरं कुणी नसताना धाकटा चक्क हसला होता. शुक्रवारी सकाळपर्यंत त्याचा दगड व्हायला हवा होता. शुक्रवारी तो म्हणाला, हवा दमट आहे. शनिवारी म्हणाला, उद्या ऊन पडेल. आज ऊन पडलं आणि त्याच्याकडे म्हणायला काही उरलं नाही.

आपलं माप चुकलं असेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पाव करणारा माणूस तो. झोपेतून उठवून विचारलं तरी पीठ-पाणी-मीठ ग्रॅममध्ये सांगेल. दोन पेले रेझिन, एक पेला हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारा तो दुसरा वासट द्रव. हे दोनास एक त्यानं तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. आतल्या शिवणींवर हातोडी मारली असती तर हातोडीच परत आली असती.

आणि होडी पुढच्या रविवारी पाण्यात जायची होती. पुढच्याच, कारण त्याच्या पुढच्या रविवाराबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. पन्नास वर्षं लाकडाचा भुसा ओढून ओढून बाबांच्या छातीत हवेला जागाच उरली नव्हती. सुतारकाम सोडून बारा वर्षं झाली तरी भुसा काही त्यांना सोडून गेला नव्हता. नाकात नळी, शेजारी घुरघुरणारं यंत्र, आणि समोर शेडकडे उघडणारी, रेझिनच्या वासापायी कायम बंद ठेवलेली काचेची खिडकी. त्या खिडकीशी बसून त्यांनी होडीचा आराखडा काढला होता आणि तिन्ही मुलांना बोलावून एकच गोष्ट, तीन वेळा श्वास घेत, सांगितली होती. वजन असं धरलंय की एकट्याला उचलायची नाही, आणि तिसऱ्याला धरायला जागा नाही. दोघांनीच न्यायची, दोघांनीच वल्हवायची, मी मधल्या फळीवर बसणार.

कुठले दोघं, असं कुणी विचारलं नाही.

थोरला आणि धाकटा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेली त्या वेळेपासून. ती धाकट्याचं नाव घेत होती, आणि थोरला म्हणाला होता, आता बेकरीत भट्टी लागलेली असेल, सकाळी कळवू. सकाळ झाली तेव्हा कळवण्यासारखं एकच उरलं होतं.

तर दोन न बोलणाऱ्या माणसांनी एक होडी कशी बांधायची? थोरला शाळामास्तर, त्याची शाळा दुपारची. तो सकाळी शेडमध्ये असे. धाकट्याची बेकरी पहाटेची; तो गल्लीच्या टोकावरच्या आपल्या खोलीवरून दुपारी येई. मास्तरांनी शाळेतला एक टाकाऊ फळा आणून शेडच्या भिंतीला ठोकला. सकाळी काय झालं, दुपारी काय करायचं, सगळं त्यावर. समोरासमोर यायची गरजच नको. फक्त होडी उचलायची वेळ येईल तेव्हा बघू, असं दोघंही मनात म्हणत होते, आणि दोघांनाही त्या वेळेची जाम भीती वाटत होती.

धाकटा खाली बसला. बसल्यावर माणसाला जे दिसतं ते उभ्यानं दिसत नाही. मांडणीच्या तळाशी, भुशाच्या पोत्यामागे, एक रिकामा डबा होता. रोजच्या निळ्या डब्यासारखा नव्हता, करडा होता. त्यानं तो ओढून काढला आणि डब्यावरचं वाचलं. मग परत वाचलं. मग डबा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला, एखादं मूल घेऊन बसावं तसा.

पाच भाग रेझिन, एक भाग हार्डनर. आणि खाली बारीक अक्षरांत: प्रमाण बदलल्यास मिश्रण कधीही घट्ट होणार नाही.

*

वहिनीचं लग्न झालं होतं मास्तरांशी, पण नऊ वर्षं ती टपालखातं चालवत होती. 'त्यांना सांगा' आणि 'त्याला सांग' या दोन पेट्या, आणि मध्ये ती. स्वयंपाकघराच्या दारात दीर डबा घेऊन उभा राहिलेला दिसला तेव्हाच तिला कळलं की आजचं पत्र जड आहे.

टेबलाशी मास्तर वह्या तपासत होते. पलीकडे ताई, म्हणजे दोघांमधली बहीण, गळ्यात मोजपट्टी अडकवून बाबांच्या पायजम्याला नवी नाडी ओवत होती. ताईचं चौकात कपडे बेतून द्यायचं दुकान. होडीचं काचकापड तिनंच कापलं होतं. एवढं काटेकोर की मास्तरांनासुद्धा शेरा मारायला जागा सापडली नव्हती.

"वहिनी, त्यांना विचारा, हा डबा कधी आणला."

वहिनीनं मान वळवली. "अहो, भावजी विचारतायत..."

"ऐकू आलं," मास्तर वहीतून डोकं न काढता म्हणाले. "बुधवारी. जुना संपला, दुकानात त्या कंपनीचा नव्हता. त्याला सांग, रेझिन-हार्डनरच्या रोजच्या दोन्ही बाटल्या धुऊन, पुसून त्यातच ओतून ठेवला. बाटल्या त्याच, माल नवा."

"आणि माप बदललंय हे सांगायला काय झालं होतं, तेही विचारा."

"सांगितलं होतं. फळ्यावर. पाचास एक. आकड्यांत नाही, अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. शाळेतल्या पोरांना दिसतं, त्याला दिसलं नसेल तर चष्मा लावायला सांग."

"असं काही लिहिलेलं नव्हतं."

हे धाकटा सरळ बोलला. भावाकडे बघून. वहिनीनं सवयीनं तोंड उघडलं आणि मग तिच्या ध्यानात आलं की आज टपाल तिच्या हातावरून न जाता पोचलं आहे. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

"होतं," ते म्हणाले.

"नव्हतं. गुरुवारी फळ्यावर होतं, 'कड सुरेख घासली आहेस. कापड तूच लाव, तुझा हात हलका आहे.' म्हणून तर लावलं मी. नाहीतर तुमची वाट बघणार होतो."

वहिनी नवऱ्याचा चेहरा सव्वीस वर्षं वाचत आली होती. त्यावर राग यायचा तर कपाळापासून यायचा. आता तो कुठूनच आला नाही. मास्तर नुसते बघत राहिले, एखाद्या पोरानं भलत्याच विषयाचा पेपर लिहून आणावा तसे.

"मी हे लिहिलं नाही," ते सावकाश म्हणाले. "मी तुला असलं काही लिहीन का?"

धाकटा मग पाठ म्हणावं तसा एकेक सांगू लागला. त्याच्या सगळं लक्षात होतं, तारखेसकट. होडीची नाळ सरळ आली, बाबांच्या हातची वाटली. घाई करू नकोस, दमला असशील. आई असती तर बघायला आली असती. प्रत्येक ओळीला मास्तर मान हलवत होते, नाही, नाही. आणि मग मध्येच त्यांची मान थांबली.

"पटाशीला धार तुम्हीच लावावी, दादा," त्यांनी विचारलं. "हे तुझं?"

धाकट्यानं डबा टेबलावर ठेवला.

"नऊ वर्षांनी दादा म्हणालास. मी दुसऱ्या दिवशी पटाशीला तासभर धार लावत बसलो होतो."

"मी लिहिलं होतं," धाकटा म्हणाला, "की पटाशी शाळेत विसरून या, म्हणजे पोरांना एक तरी धारदार गोष्ट बघायला मिळेल."

एरवी वहिनीला हसू आवरलं नसतं. आता मात्र तिला आठवलं की गेले दोन महिने हे शेडमध्ये जायला अर्धा तास आधी उठत होते. चहासुद्धा नंतर. आधी फळा वाचून यायचे आणि मग चहाला चव असल्यासारखे प्यायचे. एकदा तिला म्हणाले होते, धाकट्याला आता समज आली आहे, होडी झाली की बोलेन म्हणतो.

टेबलावर नाडीचं टोक पायजम्यातून बाहेर आलं होतं आणि ताई ते ओढतच होती, ओढतच होती, पूर्ण नाडी निसटून हातात येईपर्यंत.

*

खरं सांगायचं तर ताईनं पहिल्यांदा पुसलं ते फक्त पुसण्यासाठी. होडीच्या पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'पाव वाकडा झाला तरी पोटात जातो, फळी वाकडी झाली तर माणूस पाण्यात जातो.' धाकट्यानं ते वाचलं, हातातला रंधा तसाच खाली ठेवला आणि तीन दिवस फिरकला नाही. त्या तीन दिवसांत बाबांनी खिडकीशी बसून एकदाही काही विचारलं नाही. तेच तिला बघवेना.

म्हणून ती दुपारी दुकान बंद करून जेवायला आली की, धाकटा यायच्या आत, ओलं फडकं घेऊन शेडमध्ये जाऊ लागली. संध्याकाळी तो गेला की पुन्हा, थोरल्यासाठी. नुसतं पुसल्यावर फळा भुंडा दिसायचा. म्हणून एक ओळ. मग दोन. तिघांना अक्षर गिरवायला बाबांनीच शिकवलं होतं, सुताराच्या पेन्सिलीनं, पाटाच्या मागच्या बाजूला. तिघांचं वळण एकच. तिला काही फार करावं लागलं नाही. कपडा उसवून नव्यानं शिवावा, तसं. मापं, तारखा, सामानाची यादी ती हातही न लावता ठेवायची. फक्त टोमणा काढायचा आणि त्या जागी ठिगळ. आणि ठिगळ कुणाला दिसत नव्हतं, उलट दोघांना अंगावर चढवलेलं आवडत होतं, हे बघून तिला, खोटं का बोला, जरा गर्वच झाला होता.

गुरुवारी दुकानात एक बाई मुलीचा गणवेश घ्यायला बसून राहिली होती. ताई धावत आली, धावत शेडमध्ये गेली. फळ्यावर पहिली ओळ होती, 'यीस्ट जास्त पडलं तर पाव फुगतो, इथे अक्कल वापरावी लागेल.' तिनं पुढं वाचलंच नाही. तिला वाटलं, पुढंही तेच. एका फटक्यात सगळा फळा. मग हलका हात, सुरेख कड, आणि धावत दुकानात परत.

"मी पुसलं," ताई म्हणाली. "सगळे दिवस मीच पुसत होते."

तिनं जेवढं होतं तेवढं सांगितलं. गणवेशसुद्धा सांगितला. वहिनी मध्येच म्हणाली की अहो, तिनं वाईट हेतूनं का केलं, तुम्ही दोघं धड बोलला असता तर ही वेळच आली नसती. मास्तर बायकोला म्हणाले की तू यात पडू नकोस. वहिनी म्हणाली, नऊ वर्षं यातच पडले आहे, आता कुठे बाहेर जाऊ. पण हे सगळं बाजूबाजूनं चाललं होतं. ताईचं लक्ष धाकट्याकडे होतं. तिला वाटत होतं, तो होडीबद्दल बोलेल. दहा वार कापड, तीन महिन्यांचं काम, पुढचा रविवार. ते ऐकायची तिनं तयारी केली होती.

"त्यातलं एकही खरं नव्हतं?" त्यानं विचारलं.

ताईनं आठवून पाहिलं. तिला मनापासून एक तरी सापडायला हवं होतं.

"एक होतं," ती म्हणाली. "'झाकण घट्ट लावत जा.'"

धाकट्यानं मान डोलावली, जणू एवढं पुरेसं होतं. मास्तर उठून फोनकडे गेले. दुकानदार म्हणाला, माल महिन्यानं येईल. दुसऱ्या दुकानदाराकडे तो प्रकारच नव्हता. काहीच न लावता तशीच पाण्यात घातली तर, असं वहिनीनं विचारलं, आणि दोघे भाऊ एकदमच 'नाही' म्हणाले. मग मास्तरांनी एकट्यानं समजावलं. आतल्या शिवणी पक्क्या आहेत, पण बाहेरच्या शिवणी आणि तारांची भोकं गुरुवारच्याच मिश्रणानं भरलेली. ते आता कधी घट्ट व्हायचं नाही. पाण्यात ठेवली की चाळणी. त्यात बाबांना बसवायचं?

बाहेरच्या खोलीतून काठी वाजली. दोन ठोके. बाबांना काहीतरी हवं होतं.

कुणी हललं नाही. त्यांना सांगायला हवं, असं वहिनी म्हणाली, हळू. मास्तर म्हणाले, अजिबात नाही. मग पुढच्या रविवारी काय सांगणार? रविवारचं रविवारी बघू. वहिनी म्हणाली, सकाळी कळवू, तसंच ना. हे तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच धक्का बसला. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नऊ वर्षांत वहिनी पहिल्यांदा दिराच्या बाजूनं बोलली होती, आणि दिराला त्याचं काहीच वाटलं नाही.

काठी पुन्हा वाजली.

"ताई, तूच जा," धाकटा म्हणाला. "तुला सुचतं."

तो मागच्या दारानं शेडकडे गेला.

*

बाबांना फक्त उशी वर करून हवी होती. ताईनं ती केली, नळी सरळ केली, पाण्याचा पेला ओठाला लावला. सांगायचं म्हणून ती शेजारी बसली आणि सुरुवातीचा शब्द शोधत राहिली. एरवी तिला शब्दांची काय कमी.

"थोरला पण गेला," बाबा म्हणाले.

ते खिडकीतून बघत होते. त्यांची नजर आता अधू झाली होती, काचेपलीकडे त्यांना रंग आणि हालचाल तेवढी दिसायची. पण माणूस कसा चालतो, कसा वाकतो, यावरून पोटची पोरं ओळखायला डोळे कशाला लागतात. होडीच्या नाळेशी, पुढच्या टोकाला, एक आकृती होती, मागच्या टोकाशी दुसरी. तीन महिने त्या खिडकीत एका वेळी एकच आकृती असायची. सकाळची एक, दुपारची एक. बाबांनी हात पुढं करून खिडकीची चौकट धरली.

पन्नास वर्षांत त्यांनी पलंग केले, दारं केली, पाळणे केले, पण आराखडा काढून माणसं जोडायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला होता. सुतारकामात सांधा बसला की एक आवाज येतो, ठोकल्याचा नाही, बसल्याचा. तो आवाज त्यांना आता काचेतून ऐकू आल्यासारखा वाटला. अर्थात यंत्राच्या घुरघुरीत काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय बोलतायत?" त्यांनी विचारलं. "जा. ऐकून ये."

ताई हातमोज्यांचं निमित्त करून गेली.

शेडच्या दारात ती थांबली. दोघंही रापी घेऊन कापडाची कड सोडवत होते. चिकट रेझिन त्यांच्या मनगटांपर्यंत आलं होतं. मास्तरांनी रविवारचा पांढरा सदरा बदललासुद्धा नव्हता. नाळेशी एक टोक सुटलं, आणि मास्तर मान वर न करता म्हणाले, "तिकडून धर."

धाकट्यानं तिकडून धरलं. दोघांनी ओढलं. कापड उठू लागलं, लांब, चिकट, तारा काढत, जखमेवरची पट्टी निघावी तसं. ताईनं कापलेली प्रत्येक कड जागच्या जागी होती. दोघांचे हात एका लयीत मागे येत होते. एक ओढी, दुसरा सोडी. बाबांनी दोघांना लहानपणी करवतीवर बसवलं होतं तेव्हापासूनची ती लय, ती काही कुठे गेली नव्हती. क्षणभर ताईला इतकं बरं वाटलं की ती दाराला टेकली.

"हे झालं की फळा काढून टाकतो," मास्तर म्हणाले.

"काढा."

"होडीचं काय करायचं ते तू ठरव. मला नको."

"मलाही नको." धाकट्यानं हाताला चिकटलेला धागा सोडवला. "बाबा आहेत तोवर रोज येईन. खिडकीतून दिसेन एवढा वेळ थांबेन. ते गेल्यावर मला बोलवू नका. कशालाच."

"ठीक," मास्तर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, तितक्याच सपाट आवाजात, "मला दोन महिने बरं वाटलं होतं."

"मलाही."

ताईनं हातमोजे घोडीवर ठेवले. कुणी घातले नाहीत. भिंतीवरच्या फळ्यावर गुरुवारची ओळ पुसूनही अंधूक दिसत होती, हलक्या हाताची, तिच्या हातची. फळ्याखाली तिचं फडकं वाळून कडक झालं होतं. होडीशेजारी वाळलेलं तेवढंच होतं.

*

"काय म्हणाले?" बाबांनी ती खोलीत शिरायच्या आधीच विचारलं.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. तीन महिन्यांत तिनं किती ओळी रचल्या होत्या. आत्ताही दहा सुचल्या असत्या. पण ती मनाशी ठरवून आली होती, यापुढं एक शब्द पदरचा घालायचा नाही. कुणाच्या तोंडचं असेल ते तसंच द्यायचं, चव बिघडली तरी.

"दादा म्हणाला, तिकडून धर," ती म्हणाली.

"आणि धाकट्यानं?"

"धरलं."

त्यातलं एक अक्षरही तिनं बदललं नव्हतं.

बाबा हसले. हसण्याला लागेल एवढी हवा त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे ते आधी हसले आणि मग बराच वेळ त्याचा श्वास घेत बसले. ताई त्यांची पाठ चोळत राहिली. खिडकीपलीकडे दोन आकृत्या एकमेकींकडे चालत आल्या, मध्ये काहीतरी लांब पांढुरकं घेऊन, दोन माणसांनी चादरीची घडी घालावी तशा. जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, आणि लांब झाल्या.

"बघ," बाबा म्हणाले. "मापात आहे सगळं."

मग त्यांना काहीतरी आठवलं. पाण्यावर वारं असतं, ते म्हणाले, आणि कपाटातला राखाडी स्वेटर काढायला सांगितलं. त्याची कोपरं विरली आहेत, तेवढी बघशील का रविवारपर्यंत.

ताईनं स्वेटर काढला. कोपर उजेडाकडे धरलं तर त्यातून खिडकी दिसत होती. तिनं तशाच रंगाची लोकर शोधली, सुई शोधली, दोरा तोंडात धरून ओला केला. पहिल्यांदा सुईत गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. बाबा बघत होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा ओवत राहिली.